द डेव्हिल इज लूज

मुंबईत १९४५ साली जन्मलेल्या गायिका आशा पुथली यांचा इंग्रजी गाण्यांचा अल्बम. सीबीएस कंपनीने तो १९७६ मध्ये काढला. निर्माते होते जर्मन संगीतकार डीटर त्सिमरमान. जॅझ आणि सोल गाणाऱ्या पुथली फंक व डिस्कोकडे वळल्या, त्या वळणावरचा हा अल्बम आहे.

हिंदुस्थानी शास्त्रीय गायनाची तालीम त्यांना मुंबईतच मिळाली आणि जॅझची ओढही तिथेच लागली. शहरातल्या बँडबरोबर गाणाऱ्या या तरुणीविषयी वेद मेहता यांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या पुस्तकात लिहिले. पुढे मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळवून त्या न्यूयॉर्कला गेल्या. तिथे जाणकार निर्माते जॉन हॅमंड यांनी त्यांना हेरले आणि १९७१ मध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमसाठी पुथली यांनी दोन गाणी गायली. कोलमन यांच्या संगीतात गायकाच्या पाठीशी ठरीव कॉर्ड नसतात, सूर स्वतःच्या बळावर धरावा लागतो. रियाज झालेल्या गळ्याला ते जमले.

१९७३ चा त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम सोलच्या अंगाने जाणारा होता. ‘द डेव्हिल इज लूज’मध्ये मात्र ताल पक्का बांधलेला आहे आणि आवाज त्याच्यावर मोकळा सोडलेला. ‘स्पेस टॉक’ हे गाणे नीट ऐकावे. बेस गिटार एकच लय धरून चालते आणि पुथली त्यावर कुजबुजल्यासारख्या गातात. शब्द श्वासात विरत जातात, तरी सूर कुठेही ढळत नाही. फंकमध्ये गायक सहसा तालावर जोर देतात. इथे गायिका तालाला हलकेच स्पर्श करून पुढे सरकते, आणि या अल्बमचे मोठेपण त्यातच आहे.

न्यूयॉर्कमध्ये डीजे डेव्हिड मॅन्कुसो यांच्या ‘द लॉफ्ट’मधील नृत्यपार्ट्यांत ‘स्पेस टॉक’ गाजले. आपल्याकडे डिस्कोची गोष्ट बहुधा १९८० च्या ‘कुर्बानी’पासून, नाझिया हसन आणि बिद्दू यांच्यापासून सांगितली जाते. मुंबईची एक गायिका त्याच्या चार वर्षे आधी हे गात होती, याची नोंद मराठी संगीतलेखनाने ठळकपणे घ्यायला हवी.

१९९७ मध्ये द नोटोरियस बीआयजी या रॅपरच्या ‘लाइफ आफ्टर डेथ’ अल्बममधील एका गाण्यात ‘स्पेस टॉक’चा तुकडा वापरला गेला, आणि हिप-हॉप ऐकणाऱ्या नव्या पिढीपर्यंत हे गाणे पोहोचले.