काळी, पांढरी आणि तरंगता पाया

मराठी मुलखातील जुन्या कागदपत्रांत गावाच्या जमिनीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग आढळतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची, आणि काळ्या मातीत भिंत धड राहत नाही हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही या जोडशब्दात मुरलेला असावा. टेक्सासमधील फ्रिस्को शहराला अशी वेगळी पांढरी लाभली नाही. रेल्वेच्या आधाराने वाढलेले आणि 1908 साली नगर म्हणून नोंदले गेलेले हे गाव 'ब्लॅकलँड प्रेअरी' या जुन्या कापूसपट्ट्यात वसले असून, तेथील माती दख्खनच्या रेगूर या काळ्या मातीची सख्खी बहीण शोभते. दोन्हींतील स्मेक्टाइट गटाच्या खनिजांच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते, उन्हात आक्रसून भेगाळते, आणि फुगतानाचा तिचा दाब साध्या घराच्या भाराला सहज मागे टाकू शकतो.

उत्तर टेक्सासची जुनी लाकडी घरे बोडार्क नावाच्या चिवट लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी असत आणि जमीन हलली की पाचर ठोकून ती पुन्हा समतल करता येत. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र काँक्रीटची लादी थेट जमिनीवर ओतण्याची रीत पसरली, आणि या मातीवर अशा लाद्या तडकू लागल्या. भारतात रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यावर बुडाशी फुगीर असलेले खांब विकसित केले, जे खालच्या स्थिर थरात पाय रोवतात. टेक्सासमध्ये रूढ झालेली युक्ती मातीबरोबर हलण्याची आहे, आणि तिच्यातील धाडस अधिक मोठे वाटते.

फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने यांनी 1928 साली पेटंट घेतलेले पूर्वताणित काँक्रीटचे तत्त्व या युक्तीच्या मुळाशी आहे. सात तारांचे पीळदार पोलादी दोर, ग्रीस माखून प्लास्टिकच्या वेष्टनात, लादीत आडवे-उभे टाकतात. काँक्रीट काही दिवसांनी पुरेसे घट्ट झाले की प्रत्येक दोर सुमारे 15 टन बलाने ओढून कडेला पाचरींनी जखडतात, आणि आखडू पाहणारा दोर लादीला सतत आवळून धरतो. लादीच्या खालच्या अंगाला ओतलेल्या तुळयांमुळे ती ताठ राहते. मग माती कडेला फुगो वा मध्यभागी, लादी किंचित कलते, पण सलग राहते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधनाच्या आधारे पोस्ट-टेन्शनिंग इन्स्टिट्यूटने 1980 साली अशा लादीचे गणित नियमबद्ध केले.

2000 साली 33,714 लोकवस्तीचे फ्रिस्को 2020 पर्यंत दोन लाखांवर गेले. येथील अशा लाद्यांवरच्या घरांतून, ज्यांत मराठी कुटुंबेही राहतात, कोरड्या उन्हाळ्यात पायाच्या कडेने सच्छिद्र नळी अंथरून माती सगळीकडे सारखी ओलसर ठेवली जाते.