एक पौंडाचा परतीचा परवाना

खेडच्या बाजारपेठेत बसून मी लोकांचे पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म भरून देतो. गिऱ्हाईक बहुतेक आखातातलं, हल्ली थोडं अमेरिकेतलंही. सौदीहून सुट्टीवर आलेल्याला रिएंट्रीची तारीख तोंडपाठ असते, दुबईवाला सहा महिन्यांचा हिशेब बोटांवर मोजतो. ग्रीनकार्डवाल्याला वर्षभराहून जास्त इथे राहायचं असेल, तर रिएंट्री परमिटचा अर्ज तिकडून निघण्याआधीच करावा लागतो. हे मात्र त्याला पुष्कळदा इथे उतरल्यावर कळतं. मग तो माझ्यासमोर बसून म्हणतो, "आमच्या बापजाद्यांना असली कटकट नव्हती बघा."

होती. खेड-चिपळूण भागातल्या मोहल्ल्यांतून आमची कोकणी मुसलमान माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनला जात होती. तिथल्याच नाताळ वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांसारखी ही गिरमिटातली, म्हणजे मजुरीच्या करारावर नेलेली, माणसं नव्हती. पदरचं भाडं भरून गेलेली होती. कुणी फळांची फेरी केली, कुणी दुकानात नोकरी, कुणी अंगमेहनत. चार पैसे साठले की स्वतःचं दुकान. बायको-मुलं गावी, कमाई तिकडे, आणि अधूनमधून घरी फेरी असा संसार.

केप वसाहतीने १९०२ साली इमिग्रेशनचा कायदा केला. येणाऱ्याला एखादी युरोपीय भाषा लिहिता आली पाहिजे, अशी अट घातली. १९०६ च्या नव्या कायद्यात यिडिश ही युरोपीय भाषा म्हणून मान्य झाली, म्हणजे पूर्व युरोपातल्या गरीब ज्यूंची सोय झाली. आमची उर्दू, मराठी, गुजराती दाराबाहेरच राहिली. आधीपासून राहणाऱ्याला तिथून कुणी हाकललं नाही. पण हा रहिवासी गावी जायला निघाला की परत येताना तो नवा माणूस ठरण्याची भीती. त्यासाठी निघण्यापूर्वी परवाना काढायचा. फी एक पौंड.

गंमत अशी की त्याच केपमध्ये ठरावीक मिळकत किंवा पगार आणि लिहिण्यापुरती अक्षरओळख असेल, तर भारतीय माणसाला मतदानाचा हक्क होता. म्हणजे सरकार निवडायला तो लायक. स्वतःच्या आईला भेटून स्वतःच्या दुकानात परतायला मात्र त्याला सरकारचा कागद हवा.

असा एक परवाना एका गिऱ्हाइकाने माझ्या टेबलावर ठेवला होता. धंद्याच्या सवयीने आधी फोटो पाहिला. डोक्यावर फेज टोपी, कोट नवा, बहुधा फोटोपुरता कुणाचा तरी मागून आणलेला, कारण खांद्यात सैल. खाली अंगठ्यांचे ठसे, शाई थोडी फिसकटलेली. ओळखीच्या खुणांत कपाळावरचा वण. सही उर्दूत, सावकाश गिरवलेली. आणि सगळ्यात ठळक मुदतीची तारीख. दक्षिण आफ्रिकेतल्याच ट्रान्सवालमध्ये १९०६ पासून अशाच बोटांच्या ठशांवरून गांधीजींनी रान उठवलं होतं. केपमध्ये मात्र घरची ओढ असलेला माणूस निमूटपणे हात पुढे करत होता.

मुदत सुरुवातीला साधारण वर्षाची असे, पुढे ती तीन वर्षांपर्यंत गेली. वर्ष ऐकायला पुरेसं वाटतं. पण केपहून मुंबईच्या प्रवासात काही आठवडे जात. मुंबईहून आगबोटीने दाभोळ, तिथून खाडीतून खेड. पावसाळ्यात किनाऱ्याच्या आगबोटी बंद. नारळी पौर्णिमा उलटून समुद्र निवल्याशिवाय हालचाल नाही. चैत्र-वैशाखात आलेला माणूस पावसाच्या आत निघाला नाही, तर पुढचे महिने गावातच अडकला. त्यात बहिणीचं लग्न, जमिनीची वाटणी, नाहीतर हिवताप. तारीख हुकली की तिकडचं दुकान, उधारी, भाड्याची खोली सगळं टांगणीला.

कागद एका माणसाचा होता, कुटुंबाचा नव्हता. हसन इसप नावाचा पोर्ट एलिझाबेथचा रहिवासी गावी जाऊन लग्न करून परतला. मागाहून त्याची बायको बाई मरियम केपला आली, तेव्हा तिला उतरू दिलं नाही. मार्च १९१३ मध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकाहून अधिक बायकांना मुभा आहे त्या धर्माचं लग्न इथल्या कायद्यात लग्नच नव्हे. एका फटक्यात हजारो संसार बिनलग्नाचे झाले. गांधीजींच्या त्या वर्षीच्या सत्याग्रहात बायका उतरल्या, त्याचं हे एक मोठं कारण. १९१४ च्या कायद्याने एका पत्नीपुरती वाट मोकळी झाली.

या निकालाच्या थोडं आधी, २२ ऑक्टोबर १९१२ रोजी, गोपाळ कृष्ण गोखले केप टाऊनच्या धक्क्यावर उतरले. त्यांचं जन्मगाव गुहागरजवळचं कोतळूक, म्हणजे दाभोळ खाडीच्या पलीकडचं, आमच्याच जिल्ह्यातलं. त्यांच्या दौऱ्यात गाजला तो नाताळ वसाहतीतला, गिरमिट संपलेल्यांवरचा तीन पौंडी कर, आणि तो गाजायलाच हवा होता. आमच्या माणसांचा एक पौंडी परवाना त्या मानाने किरकोळ. त्यावर कुणी मोर्चा काढला नाही.

मुलांचं प्रकरण वेगळंच. सोळा वर्षांखालच्या मुलाला बाप नेऊ शकत असे. म्हणून पंधराव्या वर्षापर्यंत पोरगं गावी वाढवायचं आणि मिसरूड फुटायच्या आत बोटीत बसवायचं. कुणी पुतण्याला, भाच्याला मुलगा म्हणून नेलं. अधिकाऱ्यांना संशय, म्हणून वयाची तपासणी, उलटसुलट प्रश्न, गावाकडचे दाखले. केप टाऊनच्या सरकारी दफ्तरात या फायली आजही आहेत. गांधीजींच्या पणती, इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी त्या वाचून लिहिलं, म्हणून आपल्याला या माणसांचे चेहरे दिसतात. ज्या कागदांनी त्यांना जखडलं, त्यांच्यातच त्यांचा इतिहास राहिला. गावच्या सातबाऱ्यावर फोटो नसतो.

पुढे १९२७ च्या कायद्याने ठरवलं की कोकणात जन्मून तिकडे स्थायिक झालेला माणूस सलग तीन वर्षं बाहेर राहिला, तर त्याचा रहिवासाचा हक्कच बुडेल. आणि फेब्रुवारी १९५३ नंतर भारतातून बायका-मुलांना नेण्याचीही वाट बंद झाली. दोन्हीकडचा संसार तिथे संपला. कुणी दुकान विकून गावी आला, कुणी तिकडेच दुसरं घर केलं, आणि गावच्या घरातून पत्रं हळूहळू थांबली.

नावाला हा परतीचा परवाना, पण मुदत घातली ती गावी राहण्यावर. तिकडे तो कितीही वर्षं राबो, कुणी मोजत नव्हतं. मोजले ते आईजवळचे महिने. देश बदलले, शिक्के बदलले, हिशेब तोच आहे. आमच्याकडे आजही मुलगा आखातातून आला की घरचे आधी रिएंट्रीची तारीख बघतात आणि मगच निकाहची तारीख धरतात.