फुकटचें दार आणि लहान मुलें

लंडनमध्यें टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर एक जुनें वीजघर आहे. 1981 सालीं तें बंद पडलें, आणि 2000 च्या मे महिन्यांत तेथें 'टेट मॉडर्न' हें आधुनिक कलेचें संग्रहालय उघडलें. तेथील कायमच्या संग्रहास प्रवेशमूल्य नाहीं. खास प्रदर्शनांना मात्र तिकीट पडतें. मुलांना घेऊन अशा ठिकाणीं जाणाऱ्यांस या फुकटच्या दाराचा उपयोग समजावून सांगावयास नको. तिकिटाचे पैसे मोजलेला बाप प्रत्येक दालन वसूल करूं पाहतो. मुलें अर्ध्या तासांत कंटाळतात, आणि चित्रांशीं त्यांचें जन्माचें वैर जडतें. पैसे द्यावयाचे नसले म्हणजे दोन वस्तू पाहून खुशाल बाहेर पडतां येतें व पुढच्या रविवारीं पुन्हां जातां येतें.

ही सोय आपोआप झालेली नाहीं. ब्रिटिश म्यूझियम 1759 सालीं विनामूल्य उघडलें खरें, पण आंत जाण्यास आगाऊ लेखी अर्ज करावा लागे. 1838 सालीं नॅशनल गॅलरी ट्राफल्गार चौकांत आली, ती पश्चिमेकडील श्रीमंतांस व पूर्वेकडील कष्टकऱ्यांस सारखीच जवळ पडावी म्हणून. तेथें लहान मुलांनाही मज्जाव नव्हता. आमच्या मतें या सर्व इतिहासांत हीच गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्यांच्या घरीं दाई नाहीं, त्यांच्या मुलांस बंदी करणें म्हणजे आईबापांसच बंदी करणें होय.

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाहीं, हा युक्तिवाद मधून मधून डोकें वर काढतोच. 1974 च्या जानेवारींत तेथील सरकारनें राष्ट्रीय संग्रहालयांवर शुल्क बसविलें. मार्चमध्यें सरकार गेलें, त्याबरोबर शुल्कही गेलें. 1980 नंतर कित्येक संग्रहालयांनीं तें पुन्हां आणलें. टेट त्यांत सामील नव्हतें. शेवटीं 1999 सालीं मुलांस आणि 2001 च्या डिसेंबरांत सर्वांस दार मोकळें झालें.

आधुनिक कलेवर तर हा आक्षेप अधिकच जोरानें येतो. कार्ल आंद्रे यांची 120 विटांची रचना टेटनें 1972 सालीं विकत घेतली. 1976 मध्यें वृत्तपत्रांनीं त्यावरून गदारोळ केला. जनतेच्या पैशानें विटा! मुलाला मात्र ओळीनें मांडलेल्या विटांचें नवल वाटत नाहीं. घरीं तें हाच उद्योग करीत असतें. 2006 सालीं कार्स्टन ह्यॉलर यांनीं तेथील टर्बाइन हॉलमध्यें पांच घसरगुंड्या उभारल्या, तेव्हां तर प्रौढच मुलांच्या मागें रांगेंत उभे राहिले.

पुढच्याच वर्षीं कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो यांनीं त्याच हॉलची फरशी 167 मीटर लांब दुभंगविली. परक्या वर्णाच्या माणसास दाराबाहेर ठेवणाऱ्या भेदाची ती भेग होती. प्रदर्शन संपल्यावर ती बुजविली, पण वण राहिला. त्या वणावर पाऊल ठेवीत चालणारें मूल 'ही भेग कशाची?' असें विचारतें, आणि आईबापांस तेथेंच थांबून उत्तर द्यावें लागतें.