रविवारची मिळकत
वस्तीच्या सणवारांचा एक अल्प इतिहास

या महोत्सवी पुस्तिकेंत आपल्या धर्मग्रामाच्या इमारतीचा, धर्मगुरूंचा आणि संस्थांचा वृत्तांत वाचकांस इतरत्र वाचावयास मिळेलच. आम्हीं येथें एका साध्या विषयाचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या दारांतील फलकासमोर माणसें क्षणभर थबकतात आणि येत्या शनिवारीं-रविवारीं काय काय आहे तें वाचून घरोघर जातात. कोठें रुग्णतपासणी, कोठें मुलांचे खेळ, कोठें गरिबांसाठीं वर्गणी, कोठें एखाद्या क्रुसासमोर रोझरी. वस्तीचे हे दोन दिवस आपणांस इतके परिचयाचे झाले आहेत कीं ते आपणांस आयतेच मिळाले आहेत असें वाटावें. पण तसें नाहीं. रविवार ही मिळविलेली वस्तु आहे. आणि जी वस्तु मिळवावी लागते ती गमावतांही येते. म्हणून तिचा इतिहास ठाऊक असणें इष्ट होय.

आरंभ दूरचा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन यानें रोमन बादशहास उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बाजूनें एक लेख लिहिला. सूर्याच्या नांवाच्या दिवशीं शहरांत व खेड्यांत राहणारे सर्वजण एका ठिकाणीं जमतात, धर्मग्रंथाचें वाचन होतें, उपदेश होतो, प्रार्थना व पवित्र भोजन होतें, असें त्यानें त्यांत सांगितलें आहे. पुढें तो जें सांगतो तें आमच्या विषयास अधिक लागू आहे. ज्यांस ऐपत असेल ते स्वेच्छेनें द्रव्य देतात. तें द्रव्य सभेच्या प्रमुखापाशीं ठेवण्यांत येतें. आणि त्यांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशस्थ यांस साहाय्य होतें. म्हणजे ज्या दिवशीं वेदीभोवतीं जमावयाचें त्याच दिवशीं शेजाऱ्याची विचारपूसही करावयाची, ही रीत आपल्या कोणत्याही मंडळाहून जुनी आहे. त्या काळीं रविवार हा कामाचाच दिवस होता. गुलाम आणि मजूर पहाटे किंवा रात्रीं जमत व कामास जात. न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांनीं रविवारीं विसावा घ्यावा असा हुकूम काँस्टंटाइन बादशहानें ३२१ सालीं काढला. शेतकऱ्यांस मात्र त्यानें काम करण्याची मोकळीक ठेविली. एवंच, उपासना अगोदर आली आणि सुट्टी कित्येक पिढ्यांनीं मागाहून आली.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. १५३४ च्या तहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, आणि त्यांतच साष्टी बेट होतें. जेझुइट धर्मगुरूंनीं वांद्र्यास समुद्राच्या कांठीं संत आंद्रू याचें चर्च सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उभें केलें. त्या वेळचें वांद्रें म्हणजे शहर नव्हे. कोळी, कुणबी व आगरी यांच्या लहान लहान पाखाड्यांचा तो समूह. चिंबई, रानवर, शेर्ली, राजन, पाली, वरोडा, चुईम हीं नांवें आजही टिकून आहेत. प्रत्येक पाखाडीचा आपला क्रूस, आपला सण, आपलीं गाणीं. आठवडाभर जो तो आपापल्या जाळ्याशीं वा नांगराशीं जखडलेला असे. सर्व पाखाड्यांचीं माणसें परस्परांस भेटत तीं रविवारीं, चर्चच्या आवारांत. लग्नें तेथेंच ठरत, भांडणें तेथेंच मिटत, आणि आजाऱ्याची बातमीही तेथेंच कळे. नव्या भाताचीं कणसें मिरवीत चर्चमध्यें आणण्याचा आगेऱ्याचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं ईस्ट इंडियन बांधव आजही पाळतात. ज्यांचीं शेतें घरांखालीं गेलीं तेही कणसें आणवून हा सण करतात, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या सर्व सणांत मोठा तो वांद्र्याच्या टेकडीवरील मातेचा. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें व १७३९ सालीं वसई पडली. त्या धामधुमीच्या काळांत टेकडीवरील मंदिर उद्ध्वस्त झालें. समुद्रांत नाहीशी झालेली मूर्ति एका कोळ्याच्या जाळ्यांत पुनः सांपडली अशी परंपरा आहे, आणि १७६१ सालीं मंदिर पुनः बांधण्यांत आलें. कोळी बांधव मातेस ‘मोत माउली’ म्हणतात. ‘माउंट’ या परक्या शब्दाचा त्यांच्या जिभेवर ‘मोत’ झाला असावा, आणि ‘माउली’ हा शब्द त्यांनीं आपल्या घरांतला घातला. पंडितांनीं शंभर ग्रंथ लिहून जें साधलें नसतें तें या दोन शब्दांनीं साधलें आहे. सध्यांचें मंदिर १९०४ मधील असून तें शापूरजी चंदाभॉय या शिल्पज्ञाच्या आराखड्यावरून बांधलेलें आहे. १९५४ सालीं त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला.

माहीम व वांद्रें यांमधील खाडी पूर्वी नावेनें ओलांडावी लागे. १८४५ सालीं तेथें बांध-रस्ता खुला झाला. त्याच्या खर्चासाठीं लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनीं दीड लाखाहून अधिक रुपये दिले. पारशी बाईच्या द्रव्यानें झालेल्या त्या वाटेनें मुंबईचे सर्व जातिधर्मांचे लोक मातेच्या टेकडीकडे येऊं लागले. येथें एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मातेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरचा. तो कोणत्याही वारीं येवो. जत्रा मात्र त्यानंतरच्या रविवारीं सुरू होते आणि आठवडाभर चालते. पंचांगाची तिथि ख्रिस्तसभेनें ठेविली, पण जत्रेचा दिवस कष्टकऱ्याच्या सवडीनें ठरला, असें आम्हांस वाटतें. मेणाचे हात, पाय, घरें, पाळणे घेऊन लोक येतात. कोणी नवसाला, कोणी नवस फेडावयास. त्यांत हिंदु किती, मुसलमान किती, पारशी किती याची मोजदाद मातेच्या दारांत कोणी करीत नाहीं.

परंतु ज्यास रविवारची सवडच नाहीं त्यानें काय करावें? मुंबईंत कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत त्या चालूं लागल्या. कचेरींतील कारकुनास रविवार होता. गिरणींतील मजुरास नव्हता. त्याच्या वतीनें बोलणारा पुरुष ख्रिस्ती नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ सालीं त्यांनीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या; साडेपांच हजारांवर मजुरांच्या वतीनें अर्ज तयार झाला, आणि त्यांतील पहिली मागणी रविवारच्या विसाव्याची होती. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानें आठवड्याच्या सुट्टीस कायद्याचें बळ आलें. खंडोबाचा वार म्हणून मराठी मजुरास रविवार प्रिय होता, आणि प्रभूचा दिवस म्हणून तो आपणांस प्रिय. त्या एकाच दिवसावर दोन भक्तींचा विसावा टेकला.

त्याच सुमारास, १५ मे १८९१ रोजीं, तेरावे लिओ पोप महाराजांनीं ‘रेरुम नोवारुम’ हें परिपत्रक काढिलें. कामगारास रविवारचा विसावा मिळालाच पाहिजे, आणि हा विसावा आळसासाठीं वा चैनीसाठीं नसून देवाकडे वळण्यासाठीं आहे, असें त्यांत प्रतिपादन आहे. रोमचे धर्मपिते आणि परळ-भायखळ्याचा सत्यशोधक पुढारी यांची एकमेकांशीं ओळख असण्याचें कारण नव्हतें; परंतु दोघांनींही मजुराच्या थकलेल्या देहांत माणूस पाहिला.

पुढें १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग प्रकट झाला. साथींतील रुग्णांची सेवा करतां करतां लोखंडे यांस त्याच रोगानें गांठलें आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. त्याच साथीच्या दिवसांत वांद्र्याच्या पाखाड्यांत लोकांनीं रक्षणासाठीं व रक्षणाच्या कृतज्ञतेसाठीं क्रूस उभारिले. आज ज्या क्रुसासमोर सायंकाळीं मुलें रोझरी म्हणतात, त्याच्या पायथ्याशीं बहुधा अशा एखाद्या भयभीत वर्षाची आठवण गाडलेली असते.

विसाव्या शतकांत शनिवारही रविवारास येऊन मिळाला. १९५३ सालीं बारावे पायस यांनीं सायंकाळच्या मिस्सेस परवानगी दिली, आणि १९८३ च्या धर्मविधिसंहितेंत आदल्या सायंकाळच्या मिस्सेनें रविवारचें कर्तव्य पुरें होतें असें स्पष्ट झालें. दिवस सूर्यास्तापासून मोजण्याच्या प्राचीन रीतीशीं हें सुसंगत आहे. हेतु मात्र हा होता कीं ज्यास रविवारीं काम चुकत नाहीं तो वेदीपासून दूर राहूं नये. आपली सोय व्हावी आणि रविवार सगळा बाजारास मोकळा राहावा, हा तो हेतु नव्हे.

आतां मुद्द्यावर येऊं. गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जागीं बाजारहाटीचे महाल उभे राहिले, आणि रविवार हा त्यांच्या सर्वाधिक गर्दीचा दिवस झाला. दारोदार जिन्नस पोहोंचविणारा तरुण, रखवालदार, रुग्णालयांतील परिचारिका, घरकाम करणारी बाई यांस रविवार नाहीं, किंवा असला तरी तो मालकाच्या मर्जीवर आहे. १८९० च्या गिरणी मजुराची जागा त्यांनीं घेतली आहे. यांतले कांहीं आपल्याच धर्मग्रामांत राहतात, आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकेंत त्यांच्या सवडीचा तास बहुधा नसतो. रविवारीं सकाळीं दहा वाजतां ठेवलेल्या रुग्णतपासणीस, जिला त्याच वेळीं परक्याच्या घरीं भांडीं घासावीं लागतात, तिनें यावें कसें?

म्हणून महोत्सवाच्या वर्षांत आमची आपणांस तीन गोष्टींची विनंति आहे. पहिली, येत्या शनिवार-रविवारचे जे कार्यक्रम आंखाल त्यांत निदान एक तरी कार्यक्रम अशा माणसाच्या वेळेस धरून आंखावा. दुसरी, ज्यांच्या घरीं मोलकरीण आहे त्यांनीं तिला रविवारची सुट्टी पगार न कापतां द्यावी. असें केल्याविना रविवारीं न्यायाचें प्रवचन ऐकण्यास आपण मोकळे नाहीं. तिसरी, मिस्सेच्या वर्गणीचा एक भाग जस्टिनच्या वेळेप्रमाणें शेजाऱ्यासाठीं वेगळा काढावा, आणि शेजारी ख्रिस्तीच असला पाहिजे असा आग्रह धरूं नये. लोखंडे यांनीं मजुरासाठीं रविवार मागतांना त्याचा धर्म विचारिला नव्हता.

इमारतीच्या भिंतींस रंग देऊन महोत्सव साजरा होतो हें खरें; पण धर्मग्राम भिंतींनीं टिकत नाहीं. आठवड्यांतून एकदां माणसें एकमेकांस भेटतात, कोण आलें नाहीं हें कोणाच्या तरी ध्यानांत येतें, आणि कोणी तरी त्याच्या घरीं जाऊन दार ठोठावतें, म्हणून तें टिकतें. मोत माउलीच्या कृपेनें आपल्या वस्तीस असे रविवार पुढील पिढ्यांतही लाभोत, आणि ज्यांस ते अद्याप लाभले नाहींत त्यांस ते मिळवून देण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.