गंजिफांचा डाव : नियम आणि नेहमीच्या शंका

सावंतवाडीच्या रंगीत, गोल गंजिफा अनेक घरांत लाकडी डबीसह शोभेला मांडलेल्या दिसतात. डबी उघडून डाव मांडणारे मात्र विरळाच. लोप पावत चाललेली ही कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी भोसले यांच्या प्रयत्नांनी राजवाड्यातच पुन्हा उभी राहिली. खेळाच्या वाट्याला तेवढे भाग्य आले नाही.

दशावतारी संचात १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. राजाच्या पानावर स्वतः अवतार विराजमान असतो. राणी नसते. मोगल गंजिफेत आठ रंग व ९६ पाने होती. त्यातील मोहरा, तलवारी, गुलाम यांची जागा इथे मत्स्य, कूर्म, वराह आदींनी घेतली. बाबराने १५२७ मध्ये सिंधला शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आढळते.

खेळाडू तीन. चादरीवर पालथी पसरून पिसलेली पाने प्रत्येकी चाळीस येतात. पहिली उतारी कोणाची, हे घड्याळ ठरविते : दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची. सर्वाधिक हात करणारा जिंकतो.

नवखा अडखळतो तो पानांच्या चढत्या क्रमापाशी. राजा आणि प्रधान सर्वच रंगांत वरचे. त्याखाली पाच रंगांत दश्शी मोठी व एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलट, म्हणजे प्रधानानंतर एक्का आणि तळाशी दश्शी. समजा, उलट्या रंगातले राजा व प्रधान पडून गेले आहेत. अशा वेळी हातातला एक्का अजिंक्य ठरतो. सुलट्या रंगात तोच एक्का कवडीमोल. म्हणून उलटे रंग कोणते, ते डाव मांडण्यापूर्वी सर्वांनी मोठ्याने म्हणून घ्यावेत. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

हुकमाचा रंग कोणता, हा प्रश्न पत्ते खेळणारे हटकून विचारतात. तसा रंग गंजिफांत नाही. लहान पानाने दुसऱ्या रंगाचा राजा मारता येत नाही, त्यामुळे कोणती पाने पडून गेली हे स्मरणात ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. १२० पानांचा हिशेब ठेवताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

एखादे पान हरवले तर? संग्राहकाला सुटे पानही मोलाचे वाटते, जुनी पाने चौकटीत बसवून विकलीही जातात. खेळणाऱ्याचे मात्र ११९ पानांवर भागत नाही. तिघांत ती सारखी वाटताच येत नाहीत. हरवलेले पान त्याच आकारात, पाठीच्या त्याच रंगात पुन्हा रंगवून घ्यावे लागते, कारण पाठ जरा वेगळी दिसली की पान ओळखू येते.