'कंटेजन' आणि वर्धा : पडद्यावरील साथ व जिल्ह्यातील साथ

स्टीव्हन सोडरबर्ग दिग्दर्शित 'कंटेजन' (२०११) हा चित्रपट साथीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो आणि पहिल्या दिवसाचे दृश्य अखेरच्या क्षणांसाठी राखून ठेवतो. २०२० साली कोविडची साथ पसरली तेव्हा तो जगभर पुन्हा पाहिला गेला व त्यास भविष्यवेत्त्याचा मान मिळाला. हा मान सर्वस्वी अनाठायी नव्हता. पटकथाकार स्कॉट बर्न्स यांनी विषाणुतज्ज्ञ इयान लिपकिन यांचा सल्ला घेतला होता. चित्रपटातील काल्पनिक विषाणू हा १९९८-९९ मध्ये मलेशियात आढळलेल्या निपाहवर बेतलेला असून वटवाघूळ, डुक्कर आणि माणूस ही साखळी तेथूनच आलेली आहे. परंतु एखाद्या जिल्ह्याच्या अनुभवाशी ताडून पाहता या चित्रपटाच्या मर्यादा स्पष्ट होतात. वर्धा जिल्हा त्या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

वर्ध्याला साथी नव्या नव्हत्या. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने सर्वाधिक हानी केलेल्या प्रांतांमध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडची गणना होते. त्याच वर्षी पाऊसही फसला होता. त्या साथीत कोणताही 'पहिला रुग्ण' नोंदला गेला नाही. उरले ते जनगणनेच्या तक्त्यांतील घटलेले आकडे. २०२० मध्ये मात्र पहिला दिवस निश्चित सांगता येतो. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू होऊनही दीड महिना जिल्ह्यात रुग्ण नव्हता. १० मे रोजी आर्वी तालुक्यातील पहिल्या रुग्णाची नोंद झाली, तीही मृत्यूनंतर. दरम्यान हिंगणघाटवरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गाने तेलंगणातून उत्तरेकडे पायी निघालेल्या मजुरांचे लोंढे जात होते. 'कंटेजन'मध्ये लुटालूट आहे, ओस पडलेली विमानतळे आहेत. पण रोजगार बुडाल्यामुळे शेकडो मैल चालत निघालेला माणूस नाही. ही उणीव केवळ तपशिलाची नव्हे. चित्रपटातील समाज घरात बसून राहू शकणारा आहे, हे ती दाखविते.

अधिक महत्त्वाचा भेद औषधाच्या बाबतीत आढळतो. चित्रपटात अ‍ॅलन क्रमविडी हा लेखक फोर्सिथिया नावाच्या वनस्पतीने आपण बरे झाल्याचे जाहीर करतो. लोक औषधाच्या दुकानांपुढे रांगा लावतात, दंगे होतात. पुढे तो कधी आजारीच नव्हता हे उघड होते. येथे खोटे औषध, खोटा माणूस आणि भाबडा जमाव अशी सरळ वाटणी आहे.

एप्रिल २०२१ मध्ये विदर्भात, किंबहुना देशभर, रांगा लागल्या त्या रेमडेसिविरसाठी. हे औषध भोंदूचे नव्हते. काही रुग्णांचा बरे होण्याचा काळ त्याने कमी होतो, असे चाचण्यांत आढळले होते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीच्या ऑक्टोबर २०२० च्या अंतरिम निष्कर्षांत मृत्युदरावर त्याचा फारसा परिणाम दिसला नव्हता व नोव्हेंबरमध्ये संघटनेने रुग्णालयात दाखल रुग्णांसाठी त्याच्या वापराविरुद्ध शिफारस केली होती. (एप्रिल २०२२ मध्ये तीव्र नसलेल्या पण धोका अधिक असलेल्या रुग्णांसाठी तिने त्यास सशर्त मान्यता दिली.) तरीही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या, नातेवाईक रात्रंदिवस हिंडत होते, काळाबाजार फोफावत होता.

याच टंचाईतून वर्ध्याचे नाव देशभर गेले. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने येथील जेनेटिक लाइफसायन्सेस या कंपनीस रेमडेसिविर तयार करण्याची परवानगी मिळाली व मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात उत्पादन सुरू झाले. त्याच जिल्ह्यात, सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एस. पी. कलंत्री हे पुराव्यावाचून होणाऱ्या औषधांच्या वापराविरुद्ध जाहीरपणे बोलत होते. या दोन भूमिकांपैकी एकीलाही खलनायक म्हणता येत नाही. कुपीसाठी टाहो फोडणाऱ्या कुटुंबापुढे शासनाला उत्पादन वाढविण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नव्हता, आणि कुपीने जीव वाचेलच असे नाही हे सांगणे वैद्याचे कर्तव्य होते. असा पेच क्रमविडीच्या गोष्टीत बसत नाही. तो मांडण्यासाठी पटकथेला चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर हवा होता, आणि तो तेथे नाही.

लसीच्या वाटपातही असाच फरक दिसतो. चित्रपटात जन्मतारखांची सोडत काढून लस दिली जाते. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना ते खुले झाले तेव्हा १८ ते ४४ वयोगटास कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करावी लागे. सोडतीत शेतमजूर व प्राध्यापक समान असतात. स्मार्टफोनवर क्षणार्धात भरणाऱ्या वेळापत्रकात ते समान नव्हते.

११ एप्रिल २०२१ रोजी देशात रेमडेसिविरच्या दररोज ३३ हजार कुप्या तयार होत होत्या. मेअखेर ही संख्या साडेतीन लाखांवर गेली आणि केंद्राने राज्यांना वाटप करणे थांबविले. तोपर्यंत मागणी दुसऱ्याच औषधाची होती. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर यांच्याशी निगडित म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले होते, व वर्ध्याच्या त्याच कारखान्यात अ‍ॅम्फोटेरिसिन-बी तयार होऊ लागले होते.