पदराचा लाल कुठे थांबतो?

हिंगोलीत दसऱ्याच्या बॅनरसाठी फोटोतला माणूस आता मोबाइलवर एका टॅपमध्ये कापून निघतो. शंभरेक वर्षांपूर्वी हेच काम दगडावर चालायचं. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. लक्ष्मीच्या एका चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड! पदराचा लाल नेमका कुठे थांबतो, ते कारागीर हाताने आखायचा, तेही आरशातल्यासारखं उलटं. दगड केसभर सरकला की लाल थेट हातावर. अन्डू कुठलं? एवढं करून चित्राखाली नाव रविवर्म्यांचंच. १९९० च्या पहिल्या फोटोशॉपमध्ये लॅसो आला, पण मोकळ्या केसांची कड आजही बोटानेच नीट करावी लागते, हो ना?